मे महिन्यातला हीटर

१

मला जाग आली ती उकाड्यानं. नानाजींच्या बैठकीच्या दाराला वाळ्याची ताटी लावलेली असे आणि मागे जुना पंखा घरघरत असे. ताटी ओली असली की नागपूरच्या मे महिन्यातही अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं. पण त्या दुपारी ताटी खडखडीत वाळली होती आणि तिच्यातून भट्टीचा वारा येत होता. पदरानं मान पुसत मी मागच्या शेडमध्ये गेले आणि दारातच थबकले.

आमच्या हिरव्या फियाटचा डावा दिवा फुटला होता. मडगार्ड आत गेलं होतं, आणि त्याच्या घडीत सायकलच्या हँडलची लाल रबरी मूठ चिमटून बसली होती.

मी ओरडले असेन, कारण माडीवरून माझे यजमान मुकुंदराव धावत खाली आले. पाठोपाठ बैठकीतले बाकीचे. कोणी काही बोलायच्या आत पुढच्या फाटकाशी पोलिसांची जीप थांबली.

फौजदार तरुण होते, घामानं निथळत होते. म्हणाले, "कोराडी रोडवर एका सायकलवाल्याला उडवलंय. वीज केंद्रात कामाला आहे, गोविंदा नाव. पानठेल्यावाल्यानं लांबून हिरवी फियाट पाहिली, नंबरही अर्धा सांगितला. रविवारी या शेडमध्ये गाड्या जमतात हे ठाण्यात ठाऊक आहे, म्हणून आधी इथेच आलो. गाडी पुढे जाऊन थांबली होती म्हणे. दारही उघडलं. मग दार लागलं आणि गाडी निघून गेली."

"गाडी माझी आहे," मुकुंदराव म्हणाले. "पण मी माडीवर झोपलो होतो."

"कोणासोबत?"

"एकटाच."

"चावी?"

मुकुंदरावांनी शेडच्या भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्यांना सगळ्यांच्या चाव्या टांगलेल्या होत्या. फौजदार म्हणाले, "म्हणजे कोणीही नेऊ शकतं."

तेवढ्यात वकील मनोहरराव घसा खाकरून म्हणाले, "तसं नाही, साहेब. या गाडीत चोरबटण आहे. ते चालू केल्याशिवाय गाडी फर्लांगभरही जात नाही, असं मुकुंदराव आजच सकाळी सांगत होते. आणि ते कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हेही."

फौजदारांनी मुकुंदरावांकडे पाहिलं.

"दवाखान्यातून निरोप आलाय, गोविंदा शुद्धीवर येतो आहे. त्याचं ऐकून येतो. तोवर इथून कोणी हलायचं नाही. आणि तुम्ही," ते मुकुंदरावांना म्हणाले, "कपडे घालून तयार राहा."

फाटक लागलं. बाहेर लहानू नावाचा शिपाई डोक्यावर ओला गमछा घेऊन बसला.

२

धरमपेठेतल्या नानाजींच्या शेडमध्ये दर रविवारी आमचं मंडळ भरे. आपापल्या गाड्या घेऊन यायचं, बॉनेट उघडायची आणि एकमेकांना सल्ले द्यायचे. चाव्या फळीवर टांगायच्या, म्हणजे ज्याला ज्या गाडीची शंका असेल त्यानं ती फिरवून बघावी, असा रिवाजच होता. मग नानाजींच्या पत्नी यमुताईंच्या हातचं जेवण, आणि ऊन उतरेपर्यंत ताटीआड झोप. मंडळात आम्ही बायका दोघीच, मी आणि माझ्या नणंद सिंधूताई. मी नुसती बघणारी. सिंधूताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत, स्वतःची गाडी स्वतः चालवत आणि स्वतःच उघडत.

नानाजी बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. उमेदीत चिखलदऱ्याच्या घाटात रस्ते बांधलेले. गाडीचं दुखणं ते कानानं ओळखत. बॉनेटवर हात ठेवून, मान तिरकी करून ऐकत आणि सांगत, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तेच निघे.

मुकुंदरावांचा भरवसा मात्र मीटरवर. टेलिफोन खात्यात असल्यानं तारा, रिले, मल्टिमीटर हेच त्यांचं जग. डिस्ट्रिब्यूटरला दोन वायरी लावून ते काट्याकडे बघत बसत.

"काहून गा मुकुंदा," नानाजी म्हणत, "बायकोचा ताप बी काट्यावर पाहते का?"

"काट्याला म्हातारपण येत नाही, नानाजी."

"कानालेही येत नाही, बेटा."

आमची फियाट आधी एका फौजी अधिकाऱ्याची होती. त्यानं सिमल्याला असताना तिच्यात हीटर बसवून घेतला होता. नागपुरात हीटरवाली गाडी म्हणजे मंडळाला कायमचा विनोद. गाडी आमच्याकडे आली तेव्हाच त्याचा पंखा जळालेला होता, आणि तो दुरुस्त करावा असं कोणाला वाटण्याचं कारणच नव्हतं.

त्या सकाळी मुकुंदरावांनी नवी करामत दाखवली. उन्हाळ्यात इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापतो, नळीत पेट्रोलची वाफ अडकते आणि गाडी रस्त्यात बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून झाडाखाली बसायचं. हे नागपूरकर मोटारवाल्याला जेवण्याइतकं सवयीचं होतं. मुकुंदरावांनी गुरुवारी मागे टाकीपाशी विजेवर चालणारा पंप बसवला होता. जुना पंप जागेवरच होता, कारण तिथलं भोक झाकायची पट्टी अजून मिळाली नव्हती. पण त्याची नळी सोडवलेली होती. नव्या पंपाला त्यांनी चोरबटण जोडलं होतं. ते चालू नसलं तर कार्बुरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी जेमतेम जवळच्या चौकापर्यंत जाईल आणि मरेल.

हे ऐकायला मी होते, सिंधूताई होत्या, मनोहरराव होते. नानाजी त्या वेळी ताटीसाठी विहिरीवरून पाणी काढत होते. काटोलचे संत्र्याचे बागाईतदार रुपराव जेवणाच्या वेळेला पोचले.

"बटण आहे कुठे?" मनोहररावांनी विचारलं होतं.

"ते सांगितलं तर चोरबटण कसलं?" मुकुंदराव हसले होते.

आता ते शेडच्या ओट्यावर बसले होते आणि हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. "उत्तरा," ते म्हणाले, "मी माझ्या हातानं पिंजरा तयार केला आणि त्याला कुलूपही लावलं."

३

सिंधूताईंनी भावाच्या पाठीवर हात ठेवला नाही की धीराचे शब्द बोलल्या नाहीत. सरळ गाडीपाशी गेल्या.

उन्हाळ्यात प्रत्येक गाडीच्या बंपरला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकलेली असे. त्यांनी आमची छागल दाबून पाहिली. "सकाळी कोणी भरली होती?"

"मीच," मी म्हटलं. "काठोकाठ."

"रिकामी आहे." मग त्यांनी बॉनेट उघडली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ."

जुन्या पंपावर फडकं गुंडाळलेलं होतं. ओलं करून गुंडाळलेलं आणि इंजिनाच्या उष्णतेनं वाळून पापडासारखं कडक झालेलं. त्याच्या खालीच सोडवलेल्या नळीचं उघडं तोंड दिसत होतं.

"मुकुंदा, हे तू बांधलंस?"

"त्या पंपाला? त्यात पेट्रोलच येत नाही, ताई. मेलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवण्यासारखं आहे ते."

माझा जीव भांड्यात पडला. "मग सिद्धच झालं की! ज्यानं गाडी नेली त्याला नवा पंप माहीत नव्हता. गाडी बंद पडली, त्याला वाटलं उन्हानं पडली."

"हो. पण फौजदार विचारतील, मग ती पुन्हा चालू झाली कशी? फडक्यानं तर नाही. गाडी कोराडी रोडला जाऊन परत आली आहे. चोरबटण चालू झाल्याशिवाय ते शक्य नाही." त्यांनी आवाज उतरवला. "कुठे आहे ते?"

मुकुंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "हीटरचं बटण. पंखा जळलेलाच होता, त्याचीच वायर मी पंपाकडे वळवली. म्हटलं, नागपुरात हीटरला हात कोण लावणार?"

"आणि आता?"

"मी आत दाबून बंद ठेवलं होतं. मघाशी पाहिलं, ते बाहेर ओढलेलं आहे."

मे महिना, वर आग ओकणारं आभाळ, आणि कोणीतरी हीटर लावला? बटणाचं गुपित माहीत असलेला माणूसच ते ओढेल, आणि आजवर गुपित माहीत असलेला माणूस जगात एकच होता. माझा नवरा.

"हे फौजदारांना सांगू नका," मी म्हटलं.

"सांगावं लागेल," सिंधूताई म्हणाल्या. "पण आधी मला आत जाऊ दे."

४

बैठकीत सगळे वाळल्या ताटीसमोर घाम पुसत बसले होते. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. फाटकाशी लहानू होता आणि फाटकापलीकडे ऊन होतं. दोघांपैकी कोणीही सोडलं नसतं. मनोहरराव एकदा विचारून आले, तर लहानू म्हणाला, "मी तुमाले अडवून नाही राहिलो, वकीलसाहेब, पण साहेब मले सोडणार नाही. बसा न आतमंदी, काहून जीव तळून राहिले?"

सिंधूताईंनी पहिल्यांदा रुपरावांना गाठलं. पाहुण्यांपैकी, मुकुंदराव सोडले तर, ते एकटेच असे होते की मला जाग आली तेव्हा बैठकीत नव्हते, आणि मागून आले तेव्हा त्यांचा सदरा चिंब होता.

"रुपराव, तुम्ही कुठे होता?"

"मी? इथंच होतो न." त्यांनी मनोहररावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "म्हंजे, घरातच."

"घरात कुठे?"

"आता काय सांगू ताई तुमाले. मोरीत."

"मोरीत? इतका वेळ?"

"झोपलो होतो!" रुपराव ओरडले. "फरशी ओली करून. ताटी वाळून गेली होती, जीव जाऊन राहिला होता माहा. चाळीस एकराचा बागाईतदार मोरीत झोपला म्हून काटोलात सांगसान तं पाहा!"

अशा वेळीही मनोहररावांना हसू आवरलं नाही. "आणि याला साक्षीदार?"

"झुरळं!" रुपराव म्हणाले. "वकील आहे न तुमी? घ्या त्यायची उलटतपासणी."

मनोहरराव स्वतः झोपेत इतके घोरत होते की त्याला मी, सिंधूताई आणि भिंतीपलीकडच्या यमुताई अशा तिघींची साक्ष निघाली.

यमुताई स्वयंपाकघरात होत्या. "माझ्या घरात असं कधी घडलं नाही वं सिंधू. मुकुंदा आम्हाला पोरासारखा. त्याची नोकरी जाईल का?"

"नोकरीचं पुढचं पुढे. आज रात्री त्याला कोठडीत ठेवतील. यमुताई, नानाजी दुपारी कुठे होते?"

"कुठे म्हणजे? ताटीवर पाणी मारत होते न. दर रविवारी तेच करतात. तुम्ही सगळे झोपता, ते बाहेरून पाणी मारतात."

"त्यांची गाडी बाहेर दिसत नाही हल्ली."

यमुताईंनी पदराला हात पुसले. "विटांवर चढवून ठेवली आहे. चाकंच काढून घेतली मी. डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गाडी चालवायची नाही. ऑपरेशनला हो म्हणत नाहीत. चावी लपवली तर घरभर धुंडाळायचे. मग म्हटलं, चाकंच नको." त्या क्षणभर थांबल्या. "तेव्हापासून पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरतात शेडमध्ये. कोणाला सांगू नको, त्यांना लाज वाटते."

५

यमुताईंनी सगळ्यांना पन्हं दिलं. नानाजी ताटीजवळच्या खुर्चीत बसले होते. मुकुंदराव भिंतीला टेकून उभे, पायात बूट घातलेले, निघायच्या तयारीत. सिंधूताईंनी पेला उचलला आणि अगदी सहज, दर रविवारी विचारावं तसं विचारलं,

"बसलोच आहोत तर मला एक सांगा. माझी गाडी परवा वर्धा रोडवर उन्हात बंद पडली. काय करायचं अशा वेळी?"

मला त्यांचा रागच आला. भावाला न्यायला जीप येणार होती आणि यांना गाडीची पडली होती! पण बाकीच्यांचे चेहरे बघता बघता सैल झाले. मेली असली तरी कोणी गाडीचं दुखणं विचारलं तर ही माणसं तिरडीवरून उठून सल्ला देतील, असं यमुताई म्हणत ते काही खोटं नव्हतं.

"पंपावर ओलं फडकं," रुपराव म्हणाले. "आन् लिंबाखाली बसा गुमान."

"केलं. थोडी चालली, पुन्हा तापली."

"पुढे जाळीत कचरा अडकला असेल," मनोहरराव म्हणाले. "पाणी तपासलं?"

"तपासलं."

नानाजींनी पेला खाली ठेवला. त्यांना राहवेना हे स्पष्ट दिसत होतं. "अरे, तुमाले घाट माहीत नाहीत न. फडकं तं बांधाचंच. पन त्याच्यासोबत हीटर लावाचा."

रुपराव फिस्सकन हसले. "उन्हात हीटर? नानाजी, ऊन तं नाही लागलं तुमाले?"

"हासू नको गा. हीटर म्हंजे काय? लहान रेडिएटर. इंजिनातलं गरम पानी त्याच्यातून फिरते. तो लावला का इंजिनाची गरमी गाडीत येते, मानूस भाजते पन इंजिन वाचते. चिखलदऱ्याच्या चढावर मी जीप अशाच काढल्या."

"पण माझ्या गाडीला हीटर कुठला?" सिंधूताई म्हणाल्या. "आपल्या मंडळात हीटर एकच, मुकुंदाचा. आणि तो तर मेलेला आहे."

"मेलेला नाही वं," नानाजी लगेच म्हणाले, आणि सवयीनं त्यांची मान तिरकी झाली. "बटन ओढलं का टकटक, टकटक करते. आवाज जरा मागून आल्यासारखा येते, पन पंखा फिरते. बुश झिजलं असन. तेलाचा थेंब सोड मुकुंदा त्याच्यात."

मुकुंदराव भिंतीपासून दूर झाले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कधी ऐकला हा आवाज, नानाजी?" सिंधूताईंनी विचारलं.

"कधी म्हंजे? असाच. एकदा."

"तो हीटरचा पंखा नाही. हीटर जळून वर्षं झाली. ती टकटक टाकीजवळच्या विजेच्या पंपाची आहे. तो गुरुवारी बसला, आणि हीटरचं बटण ओढल्याशिवाय तो वाजत नाही. ते बटण आज सकाळी मुकुंदानं आत दाबून ठेवलं होतं."

नानाजींनी पेला उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला.

६

"त्यांनी सकाळी ऐकलं असेल," यमुताई म्हणाल्या. "मुकुंदा दाखवत होता तेव्हा."

"तेव्हा ते विहिरीवर होते, यमुताई. म्हणूनच त्यांना नवा पंप ठाऊक नव्हता. रुपरावांनाही नव्हता. मीही आधी रुपरावांचाच विचार केला."

"अवं पन मी मोरीत..." रुपराव म्हणाले.

"ठाऊक आहे. फडकं ज्या पंपावर बांधलंय त्याची नळी सोडवलेली आहे. तिचं तोंड तिथेच लोंबतंय. रुपरावांना ते दिसलं असतं, कोणालाही दिसलं असतं. ज्यानं बांधलं त्यानं चाचपून बांधलं." सिंधूताई ताटीकडे वळल्या आणि तिच्यावर बोट घासलं. वाळ्याचा भुगा खाली पडला. "आणि ही वाळली कशी? दुपारभर हिच्यावर पाणी मारणारा माणूस दुपारभर इथे नव्हता."

फाटकाबाहेर जीपचा आवाज आला. कोणी हललं नाही.

"गल्लीतून फक्त चक्कर मारून येणार होतो," नानाजी म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. "हात लावला स्टिअरिंगले आन् वाटलं, थोडं पुढं. उन्हाचा रस्ता रिकामाच रायते. चौकात बंद पडली तेव्हाच परत फिराचं होतं. हीटर लावला, चालू झाली. मले वाटलं, अजून येते मले सगळं."

"तुम्हाला सायकल दिसली नाही," मुकुंदराव हळूच म्हणाले. अजूनही ते नानाजींना वाट काढून देत होते. "तुम्हाला कळलंच नाही काय झालं ते."

"नाही दिसली, बेटा. देवाशपथ नाही दिसली."

"दिसली नसेल," सिंधूताई म्हणाल्या. "पण नानाजी, गाडीच्या दुसऱ्या टोकाची टकटक ज्या कानानं टिपली, त्या कानाला तो आवाज कळला नाही?"

यमुताई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"कळला," नानाजी शेवटी म्हणाले. "आधी घंटी वाजली. मंग चाकाच्या तारा. मंग मानूस. थांबलो मी, दार उघडलं. तो कण्हून राहिला होता, म्हंजे जिवंत होता. मले वाटलं, उतरलो तं आता हे मले खाटेलेच बांधतीन. पुन्हा कोणी गाडीले हात नाही लावू देनार."

"आणि मी?" मुकुंदरावांनी विचारलं. "फौजदार मला न्यायला आले होते, नानाजी. तुम्ही इथे बसून ऐकत होता."

"तू तरणा आहे. वाटलं, सुटशीन."

मुकुंदराव खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ त्यांना सुटेना, म्हणून मी जाऊन सोडली.

फौजदार आत आले. गोविंदाचा पाय मोडला होता, पण जीव वाचला होता. "तो शुद्धीवर आलाय," ते म्हणाले. "सांगतो, गाडीतला माणूस पांढऱ्या केसांचा होता. दार उघडून माझ्याकडे कान करून बसला होता म्हणे, बघत नव्हता. हे काय आहे?"

नानाजी उठले. फाटकापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता, त्यापुढचा नव्हता. यमुताईंनी त्यांचा हात धरला आणि जीपपर्यंत नेलं. लहानूनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं. आम्ही सगळे त्या उन्हात फाटकाशी उभे होतो.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. जीप खोकत, धक्के देत चालू झाली. मागे ताडपत्रीच्या अंधारात बसलेल्या नानाजींची मान तिरकी झाली.

"तिसरा प्लग पाहून घे, बाबू," ते म्हणाले. "ठिनगी चुकवून राहिला."

ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं आणि मग आमच्याकडे. मुकुंदराव नेहमी यावर काहीतरी बोलत, मीटर लावून बघू म्हणत. या वेळी ते वळून चालू लागले. शेडमध्ये जाऊन त्यांनी फळीवरून आपली चावी काढून घेतली. पाठोपाठ रुपरावांनी काढली, मग मनोहररावांनी, मग सिंधूताईंनी. फळीवर नुसते खिळे राहिले.